पंकाशिवाय पंकज नाही

पंक म्हणजे चिखल आणि त्या चिखलात जन्मतं ते पंकज, म्हणजे कमळ, हे शाळेत संस्कृतच्या तासाला आपण सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पुढे मी कॉमर्सला गेल्यामुळे माझं संस्कृत तेवढ्यावरच थांबलं. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात घर करून आहे. पंकज नावाचे इसम आपल्याकडे पैशाला पासरी. आमच्या बँकेच्या शाखेतच दोन आहेत; त्यामुळे एकाला 'कॅशमधला पंकज' आणि दुसऱ्याला 'लोनमधला पंकज' म्हणावं लागतं. पंक नावाचा मनुष्य मात्र माझ्या काउंटरवर आजवर एकदाही पासबुक भरून घ्यायला आलेला नाही. फूल सगळ्यांना हवं, चिखल कुणालाच नको. (इथे कमळाचा उल्लेख केवळ वनस्पतिशास्त्रापुरता आहे. निवडणूक आयोगाने कृपया नोंद घ्यावी.)

हे सगळं नव्याने आठवायला कारण झाला माझा पुण्याचा भाचा. तो कॉलेजात नाटकं करतो, मधूनमधून परीक्षाही देतो. सुट्टीत आमच्याकडे रसायनीला आला तो दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली पँट घालून आणि शर्टाला चार सेफ्टी पिना लावून. आमच्या सौभाग्यवतींनी माहेरचं माणूस म्हणून मायेने सुईदोरा काढला.

"मामी, राहू दे! हे पंक आहे!" भाचा ओरडला.

"चिखल ना? मग उतरव, भिजत घालते," ही म्हणाली.

ती पँट दुकानातूनच फाटलेली येते आणि न फाटलेल्या पँटीपेक्षा हजारभर रुपयांनी महाग असते, हे कळल्यावर मला घेरी आली. मी बी.कॉम. आहे. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिच्यावर घसारा आकारायचा आणि तेवढी किंमत कमी करायची, हे मला शिकवलेलं. इथे घसारा खरेदीच्या आधीच आकारलेला आणि किंमत मात्र वाढवलेली! हा हिशेब लिहिणाऱ्याला आमच्या वेळी पहिल्या वर्षालाच बसवून ठेवला असता.

पण भाचा नुसता फाटका नव्हता. त्याने मला पंकचा इतिहास सांगितला, आणि तो ऐकता ऐकता मी पानाचा डबा पुढे ओढला. माझ्या बाबतीत हे गांभीर्याचं लक्षण आहे.

गोष्ट १९७६-७७ सालची. न्यूयॉर्कमध्ये आणि लंडनमध्ये काही पोरं होती. खिशात पैसे नाहीत, हाताला काम नाही. त्या वेळचं रॉक संगीत असं श्रीमंत झालेलं की एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, आणि ते वाजवायला ट्रकभर यंत्रं. ही पोरं म्हणाली, आम्हाला एवढं येत नाही आणि एवढं परवडतही नाही. आम्ही तीनच कॉर्ड शिकणार. (भाच्याने मला समजेल अशा भाषेत सांगितलं : सा धरून एक, म धरून एक, प धरून एक, संपलं.) तेवढ्यावर आम्ही आमचं म्हणणं मांडणार, आणि ज्याला गाता येत नाही तो गाणार. न्यूयॉर्कच्या रामोन्स या मंडळींची १९७६ साली पहिली तबकडी निघाली, तीत चौदा गाणी तीस मिनिटांच्या आत आटोपली. आपल्याकडे तेवढ्या वेळात तंबोरा लागतो. १९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून देशभर पताका लागल्या होत्या. नेमक्या त्याच वेळी सेक्स पिस्तल्स या टोळक्याने राणीच्या नावाने असं काही गाणं काढलं की बीबीसीने ते वाजवायचं नाकारलं. त्यामुळे ते जास्तच खपलं.

सगळं ऐकून मी म्हटलं, "अरे, हा तर शिमगा!"

भाचा चमकला. पण मी म्हणतो त्यात खोटं काय? वर्षातून एकदा कोणीही उठावं, हाताला लागेल ते बडवावं, पालथी मूठ तोंडावर मारून बोंब ठोकावी आणि गावच्या पाटलापासून खोतापर्यंत सगळ्यांच्या नावाने जे वर्षभर पोटात दाबून ठेवलं ते बाहेर काढावं, ही सोय आमच्या कोकणाने विजेचा शोध लागण्याआधीच करून ठेवली होती. पंक म्हणजे विजेवर चालणारा बारमाही शिमगा. फरक इतकाच की आपला शिमगा पोळी खाऊन झोपतो, त्यांच्या शिमग्यातून पुढे पुष्कळ काही निघालं. आणि जे निघालं त्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे. कारण भाचा पुढे म्हणाला, "मामा, या असल्या गोंगाटातून मुलांची चांगली संगीत नाटकं निघाली."

आता मुलांची नाटकं म्हणजे माझ्या दुखऱ्या नसेवर बोट. आमच्या परिसरातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांना मी गेली कित्येक वर्षं निमंत्रित म्हणून जातो. (शाळेची खाती आमच्या शाखेत असल्याचा हा परिणाम.) तिथे मी काय काय बसून पाहिलं आहे, ते माझं मला ठाऊक. परी, फुलपाखरू, ससा, झाड. त्यातलं झाड सगळ्यांत उंच मुलाला करतात आणि त्याला वाक्य नसतं. मागे थर्माकोलचं कमळ. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते फोमच्या शीटचं असतं. गाणं पेन ड्राइव्हमध्ये. मुलांनी ओठ हलवायचे. शेवटी बाईंनी लिहिलेला उपदेश एका सुरात म्हणायचा : झाडे लावा, पाणी वाचवा, मोठ्यांचं ऐका. पाणी आणि झाडं याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मुलाने आयुष्यात एकही झाड तोडलेलं नाही त्याच्याकडून, ज्यांनी डोंगर पोखरले त्या पाहुण्यांसमोर, हे वदवून घेण्यात काय न्याय आहे, हे मला कोणी समजावून सांगेल काय?

तेव्हा बालनाट्य म्हणजे गोड, गुळगुळीत आणि बिनआवाजी असायला हवं, हा जो समज आपण उराशी धरून बसलो आहोत, त्याच्याशी माझं भांडण आहे. माझं म्हणणं असं की मुलांचं संगीत नाटक हे मुळात गोंगाटातून, चिखलातून, शिमग्यातूनच येतं. तो चिखल उपसून टाकला की उरतं ते फोमचं कमळ.

पुरावा देतो, बँकेत पुराव्याशिवाय काम चालत नाही.

पश्चिम बर्लिनमध्ये ग्रिप्स नावाचं मुलांचं थिएटर निघालं. तिथल्या राजकीय टवाळी करणाऱ्या एका कॅबरे मंडळीतून १९६६ साली फोल्कर लुडविग आणि त्यांच्या साथीदारांनी ते सुरू केलं. 'ग्रिप्स' हे नाव १९७२ साली पडलं. त्या शब्दाचा अर्थ साधारण 'डोकं', 'अक्कल'. इतरत्र मुलांच्या नाटकात राजा, राक्षस आणि परी असताना या मंडळींनी ठरवलं की आपल्या नाटकात घरमालक असेल, कामावरून थकून आलेली आई असेल, ओरडणारे मास्तर असतील, आणि मुलं असतील. मुलांना एखादी अडचण येते, ती एकत्र जमतात, डोकं चालवतात आणि मोठ्यांना प्रश्न विचारतात. मधूनमधून गाणी, तीही समोर बसून वाजवणाऱ्या वादकांच्या साथीवर. आणखी एक गंमत म्हणजे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. हाफपँट घातलेला चाळिशीचा नट 'गोड' दिसण्याची शक्यता शून्य. त्यामुळे त्याला मुलासारखा विचार करूनच वेळ मारून न्यावी लागते. ही एक युक्ती आपल्या स्नेहसंमेलनांनी उचलली तर निम्मं काम होईल.

कोणी जाणकार म्हणेल की ग्रिप्स १९६६ सालचं आणि पंक १९७६ सालचा, मग पंकातून ग्रिप्स कसं निघेल? मान्य. ही बाप-लेकाची जोडी नव्हे, एकाच आळीत वाढलेल्या दोन भावांची आहे. ती आळी म्हणजे पश्चिम बर्लिन. त्याच शहरात भिंतीला चिकटलेलं क्रॉइत्सबर्ग. स्वस्त भाडी, तुर्की कामगार, बेकार तरुण. तिथे १९७८ साली एसओ ३६ नावाचा पंकांचा अड्डा उघडला, तोही टपाल विभागाच्या क्रमांकाचं नाव घेऊन. (आपल्याकडे पिन कोडचं नाव दिलं तर लोक कुरिअर घेऊन येतील.) आणि १९८६ साली ग्रिप्सने तरुण पोरांसाठी 'लिनिए १' हे संगीत नाटक काढलं. बिर्गर हायमान यांचं संगीत, आणि साथीला रॉक बँड. गोष्ट एवढीच : एक मुलगी आपल्या आवडत्या रॉक गायकाला शोधत बर्लिनला येते आणि भुयारी रेल्वेच्या एक नंबरच्या गाडीत बसून क्रॉइत्सबर्गकडे निघते. गाडीत तिला शहर भेटतं : पंक, बेकार, दारुडे, आणि नाझी अधिकाऱ्यांच्या मिजासखोर विधवा. या विधवा पुरुषांनी करायच्या, म्हणजे आपल्या तमाशातल्या मावशीसारख्याच. परी एकही नाही. लोकल गाडीत परी भेटत नाही हे आपल्याला ठाऊक आहेच; पण त्या लोकलमध्ये संगीत नाटक भरलेलं आहे, हे त्यांना दिसलं.

हेच नाटक पुढे सोलमध्ये गेलं. तिथे ते उभं केलं किम मिन-गी या माणसाने. हा मूळचा गाणारा. लष्करी राजवटीत त्याच्या गाण्यांवर बंदी आली होती. त्याने १९९४ साली ते नाटक सोलच्या भुयारी रेल्वेत आणून बसवलं आणि २००८ सालापर्यंत चार हजार प्रयोग केले. नाटक जोरात चालू असताना त्याने ते थांबवलं. कशासाठी, तर मुलांची नाटकं करायला वेळ हवा म्हणून! २०२४ साली तो गेला. बंदी घातलेली गाणी गाणारा माणूस आयुष्याच्या उतारावर मुलांकडे वळतो, यात मला अपघात दिसत नाही. ज्याला खरं बोलायची खोड लागली आहे, त्याला त्याहून चांगला प्रेक्षक कुठे मिळणार? मुलं टाळ्या विकत देत नाहीत. कंटाळली की सरळ 'शू' ला जातात.

"हे सगळं परदेशात ठीक आहे," असं म्हणायला तुम्ही तोंड उघडलंच असेल. मिटा. कारण त्याच १९८६ साली ग्रिप्स पुण्यात आलं. डॉ. मोहन आगाशे यांनी थिएटर ॲकॅडमीतर्फे ते आणलं, आणि पहिलंच नाटक होतं 'छान छोटे वाईट्ट मोठे'. नाव पाहा. 'वाईट्ट'मधला तो जोडलेला ट पाहा. आपल्याकडच्या एखाद्या शाळेला हे नाव कळवलं असतं तर त्यांनी 'छान छोटे, आदरणीय मोठे' असं करून परत पाठवलं असतं. पुढे श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे यांच्यासारख्या मंडळींनी ही ग्रिप्सची वाट मराठीत वाहती ठेवली.

आणि हे आणणारे आगाशे कोण? व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, आणि रंगभूमीवर 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस! १९७२ साली विजय तेंडुलकरांचं ते नाटक आलं तेव्हा पुण्यात काय गदारोळ झाला, हे जुन्या लोकांना विचारा. १९८० साली ते युरोपला न्यायचं ठरलं तेव्हाही विरोध झाला. त्यात काय होतं? अभंग होते, लावणी होती, कीर्तन होतं, माणसांची हलती भिंत होती. म्हणजे आपल्याच अंगणातलं सगळं. ते घेऊन त्या मंडळींनी सत्तेच्या नावाने बोंब ठोकली. त्या नाटकावरून मूळच्या संस्थेत फाटलं आणि १९७३ साली थिएटर ॲकॅडमी जन्माला आली. मोठ्यांसाठी ज्यांनी शिमगा केला त्यांच्याच घरात तेरा वर्षांनी मुलांचं संगीत नाटक रांगायला लागलं. आता सांगा, चिखल आणि कमळ यांचा संबंध आहे की नाही?

त्याआधीही आपल्याकडे बालनाट्य होतंच, आणि ते अळणी नव्हतं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं. रत्नाकर मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. त्यांत राक्षस आहेत, चेटकीण आहे, हे खरं. पण दिलीप प्रभावळकरांची ती चेटकीण ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, तिच्यात उपदेश किती होता आणि दांडगाई किती! आणि हेच मतकरी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' करायला बसले. तिथे मुलांनी आपापल्या वस्तीतल्या गोष्टींची नाटकं केली. परीकथेतून वस्तीत यायला मतकरींना लाज वाटली नाही. आपल्याला मात्र वस्तीतून फोमच्या कमळात जायची घाई.

आणि गाण्यांची आपल्याला काय कमतरता? नाथांची भारुडं घ्या. सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी जलसे घ्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ साली काढलेलं लाल बावटा कलापथक घ्या; एक डफ, एक तुणतुणं आणि समोर हजारो माणसं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके निघाले. यांच्यापैकी कोणी पेन ड्राइव्ह लावून ओठ हलवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या कोकणात गणपतीत बाल्या नाचतो, तिथे शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, खेचतात, उणंदुणं काढतात. दहा वर्षांचं पोर घुंगरू बांधून त्यात उभं असतं. तेच पोर शाळेत डिसेंबरात फुलपाखरू होतं.

आता रसायनीकडे येतो. ज्या गावाचं नावच रसायनावरून पडलं, तिथे परीकथा रुजवायची म्हणजे जरा अवघडच. पाताळगंगेच्या काठी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी आली, १९६० साली तिची स्थापना झाली, आणि तिच्याभोवती वसाहत, बाजार, शाळा, आणि आमच्यासारख्या बँका उगवल्या. २०१७ सालच्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने इथलं काम बंद करायला मंजुरी दिली. रॉकेटला लागणारं एक रसायन करणारा प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवायचं ठरलं. म्हणजे रसायनीतलं एवढंच काय ते आकाशात जाणार, बाकीचे जमिनीवर. त्या वर्षी माझ्या काउंटरवर स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन माणसं येत होती. पंचवीस-पंचवीस वर्षं जी माणसं खिडकीशी 'लवकर करा हो' म्हणून खेकसत, ती आता बाकड्यावर शांत बसून राहत. एफडीचा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबे.

तुम्हाला काय वाटतं, हे त्यांच्या मुलांना दिसत नव्हतं?

त्याच हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका शाळेत (नाव सांगत नाही) सातवीच्या मुलांनी आपणहून बारा मिनिटांचं नाटक बसवलं. भोंगा वाजायचा थांबला आणि अख्ख्या गावाची घड्याळं बिघडली, अशी गोष्ट. वाद्यं कोणती? आमच्याकडे घरोघर पाणी साठवायला असतं ते निळं प्लास्टिकचं पिंप, दोन झांजा, आणि एकाच्या आजोबांची पेटी, जिच्या तीनच पट्ट्या धड वाजत होत्या. पंकवाल्यांना तीनच कॉर्ड आवडत म्हणून. आमच्या पोरांना तीनच मिळाल्या म्हणून. त्यावर त्यांनी एक गाणं रचलं होतं, त्याचं पालुपद असं :

भोंगा गप, बाबा गप,
दुपारच्याला चहा तीन कप!

मराठीतल्या बेकारीवरच्या कवितांचं मला फारसं ज्ञान नाही. पण घरी बसलेला माणूस दुपारी चहा जास्त पितो, हे निरीक्षण आमच्या बँकेच्या कुठल्याही आर्थिक पाहणीत मी वाचलेलं नाही.

नाटक रद्द झालं. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही," असं कारण मिळालं. शिवाय "पिंपाचा आवाज कर्कश आहे" आणि "यात संदेश काय?" त्याऐवजी सातवीने फुलपाखरांचा नाच केला. मिसरूड फुटायला लागलेली ती फुलपाखरं पाहून माझ्या पोटात कालवलं.

पण पोरं ती पोरं. मार्चमध्ये होळी आली. सोसायटीच्या होळीपुढे त्यांनी पिंप आणून ठेवलं आणि नाटक केलं. प्रेक्षक म्हणजे त्यांचेच बाप, पाठीमागे हात बांधून उभे. पहिल्यांदा 'बाबा गप' आलं तेव्हा सगळे खरोखरच गप्प झाले. दुसऱ्यांदा कोणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्यांदा 'चहा' म्हटल्यावर मागून चार-पाच बापांनीच 'तीन कप' पुरं केलं. सोमवारी त्यांतले एक गृहस्थ व्याजाची चौकशी करायला माझ्याकडे आले. स्वारी बाकड्यावर बसली नाही, थेट खिडकीशी आली. म्हणाले, "साहेब, पोरांनी हिशेबात घोटाळा केलाय. मी चार कप पितो." आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. दहा महिन्यांत त्यांना हसताना मी प्रथम पाहिलं.

'संदेश काय?' विचारणाऱ्यांना माझा हा जवाब आहे.

आता विरोधकांचे मुद्दे घेतो, कारण एकतर्फी वसुली मला पसंत नाही. पहिला मुद्दा : गोंगाट म्हणजे संगीत नव्हे. कबूल. मुलांनी राग शिकावेत, ताल शिकावेत. ज्याची तयारी असेल त्याने बारा वर्षं तंबोऱ्याशी बसावं. पण दहा वर्षांच्या पोराला जे आज म्हणायचंय ते त्याने बाविसाव्या वर्षापर्यंत तोंडात धरून ठेवायचं का? आणि ज्या संगीत नाटकाच्या नावाने आपण गळे काढतो, ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल'पासून उभं केलं तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी चाली असं जिथे सापडलं तिथून उचललं होतं. तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच असेल. नाकं मुरडणाऱ्यांची परंपरा नाट्यसंगीतापेक्षा जुनी आहे.

दुसरा मुद्दा : मुलांना राजकारणात ओढू नका. ग्रिप्सवरही १९७०च्या दशकात तिथल्या सीडीयू पक्षाने हाच आरोप केला होता, की हे लोक मुलांना कम्युनिझम पाजतात. बापाला कामावरून काढलं, हे राजकारण पोराने आणलेलं नव्हे. ते त्याच्या घरी आलं आणि चहा पीत बसलं. आणि राजकारणाचं एवढं वावडं असेल तर दर वर्षी कर्जत-खालापुरातल्या शाळा भाई कोतवालांवर कार्यक्रम कशाला करतात? माथेरानचा हा वकील, १९४२ साली आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडत डोंगरात फिरला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाला. मनोरे पाडणाऱ्या त्या माणसाच्या प्रतिमेला हार घालून आपण मुलांना सांगतो : शिस्तीत बसा, आवाज करू नका!

तिसरा मुद्दा : पंकवाले व्यसनी, उर्मट, थुंकरे होते. त्यांतले काही होते, आणि काही त्यापायी अकाली मेलेही. मी भाच्यालाही सांगितलं, तो भाग तिकडेच राहू दे. शिमग्यातलं सगळंच आपण तरी कुठे घरात आणतो? पण शेतकऱ्याला विचारा, चिखलणी केल्याशिवाय भात लावता येतो का? आमच्या खालापूर तालुक्यात तरी येत नाही. चिखलात उतरलेला माणूस चिखल घरात आणत नाही, पाय धुऊन येतो. पण उतरतो.

उरली ती फाटकी पँट. ज्यांनी पैसे नव्हते म्हणून फाटके कपडे घातले त्यांचं फाटकेपणही शेवटी दुकानदारांनी विकलं. आपल्या संमेलनांतून कोळीगीतांचं आणि आदिवासी नृत्याचं नेमकं हेच होतं. पाडे आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर, पण पाड्यावरच्या पोराला शाळेत कोणी विचारत नाही की बाबा, तुमच्याकडे ढोल कसा वाजतो. आम्ही भाड्याने पिसांचे मुकुट आणतो.

तेव्हा संमेलनवाल्या सर्व समित्यांना माझं जाहीर मागणं आहे. एक, पेन ड्राइव्ह ऑफिसात कुलपात ठेवा; मुलं गातील तेच गाणं, बेसूर तर बेसूर. दोन, नाटक मुलांना रचू द्या. बाईंनी फक्त शुद्धलेखन पाहावं, तेही घाईघाईने. तीन, वर्षातून एक नाटक असं होऊ द्या की जे पाहताना पाहुण्यांना खुर्चीत एकदा तरी बूड हलवावंसं वाटेल. चार, झाडाला वाक्य द्या.

वाद्यांच्या खर्चाची अडचण कोणी सांगू नये. निळं पिंप बाजारात मिळतं, जुनं घेतलं तर आणखी स्वस्त पडतं, आणि आवाजही बरा येतो. एका पिंपाचे पैसे मी माझ्या खिशातून द्यायला तयार आहे. फक्त ते आधी स्वच्छ धुऊन घ्या (आत पूर्वी काय होतं हे रसायनीत कोणी सांगू शकत नाही), आणि मला पावती द्या. फाटलेली चालणार नाही.